ओळखीच्या शब्दांनी घात होतो: अमेरिकेत पहिल्यांदा मत देणाऱ्यांसाठी

नागरिकत्वाची शपथ घेऊन बाहेर आलो, तर दारातच एक बाई टेबल मांडून मतदार नोंदणीचे अर्ज वाटत होत्या. मी सांगली जिल्ह्यातला. ग्रामपंचायतीपासून लोकसभेपर्यंत सगळ्या निवडणुका लहानपणापासून पाहिलेल्या, रिक्षावरचे कर्णे आणि रंगवलेल्या भिंती यांतच वाढलेला. 'मला काय शिकवता' अशा थाटात दोन मिनिटांत अर्ज भरून टाकला. त्यात केलेली चूक पुढच्या जूनमध्ये पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या प्राथमिक निवडणुकीला गेलो तेव्हा कळली. तिच्याबद्दल तिसऱ्या पायरीत.

कॉकस, सुपर ट्यूसडे असे शब्द माणूस थांबून शोधतो, त्यामुळे ते फारसे नडत नाहीत. गोत्यात आणतात ते तिकीट, मध्यावधी, सिनेटर, इंडिपेंडंट असे शब्द. ते आपण आपल्याकडच्या अर्थाने घेतो आणि पुढे चालू लागतो.

मी न्यू जर्सीत राहतो, म्हणून बरीच उदाहरणं तिथली आहेत. अमेरिकेत निवडणूक घेणारा केंद्रीय आयोग नाही. फेडरल इलेक्शन कमिशन नावाची संस्था आहे, पण ती फक्त प्रचाराच्या पैशाचा हिशेब पाहते. मतदान घेतात राज्यं आणि काउंट्या (आपल्या जिल्ह्यांसारखे विभाग), त्यामुळे नियम राज्यागणिक बदलतात. खालची प्रत्येक तारीख आणि मुदत आपल्या काउंटीच्या अधिकृत संकेतस्थळावर ताडून घ्या. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर नको.

१. आधी हक्क तपासा

ग्रीन कार्ड म्हणजे मताचा हक्क नव्हे. मेरीलँडमधल्या टाकोमा पार्कसारखी काही गावं स्थानिक निवडणुकीत बिगरनागरिकांनाही मत देऊ देतात, पण राष्ट्रीय निवडणुकीत मत देणं हा बिगरनागरिकासाठी गुन्हा आहे आणि त्यापायी देशाबाहेर काढलं जाऊ शकतं.

सापळा असतो तो ड्रायव्हिंग लायसन्सच्या खिडकीवर. १९९३च्या 'मोटर व्होटर' कायद्यामुळे लायसन्स काढताना किंवा नूतनीकरण करताना 'मतदार म्हणून नोंदणी करायची का?' असं विचारतात. रांगेत उभं राहून कंटाळलेला माणूस पडद्यावर 'यस, यस, यस' दाबत जातो. नागरिक नसाल तर तिथे 'नो'. पुढे नागरिकत्वासाठी एन-४०० अर्ज भराल तेव्हा त्यात स्पष्ट विचारलेलं असतं, की तुम्ही कधी मतदार नोंदणी केली होती का, कधी मत दिलं होतं का. चुकून नोंदणी झालीच असेल, तर एन-४०० भरण्याआधी इमिग्रेशन वकिलाला गाठा. 'कोण बघतंय' असं म्हणून गप्प बसू नका.

मत नाही म्हणजे काहीच करता येत नाही असं मात्र नाही. ग्रीन कार्डधारक स्वतःच्या पैशातून उमेदवाराला देणगी देऊ शकतो. एच-१बीवाल्याने, म्हणजे कामाच्या व्हिसावर असलेल्याने, एक डॉलरही देऊ नये, पण बिनपगारी स्वयंसेवक म्हणून दारं ठोठावायला आणि फोन करायला त्यालाही मुभा आहे.

आता उलट बाजू. अमेरिकन नागरिक झालात की भारतीय नागरिकत्व संपतं आणि ओसीआय कार्डावर (परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांना मिळतं ते) भारतात मत देता येत नाही. गावाकडे तुमचं नाव यादीत तसंच असतं, कपाटात जुनं मतदार ओळखपत्र असतं आणि चुलतभाऊ म्हणतो, 'आलाच आहेस तर टाक की मत, आपलाच माणूस उभा आहे.' टाकू नका. नमुना ७ भरून नाव कमी करून घ्या.

२. नाव नोंदवा

इथे यादी घेऊन घरी येणारे बीएलओ गुरुजी नाहीत. नाव तुम्हीच घालायचं, घर बदललं की पत्ताही तुम्हीच बदलायचा. बहुतेक राज्यांत ते ऑनलाइन होतं. जवळ ठेवा:

• ड्रायव्हिंग लायसन्सचा किंवा राज्याच्या ओळखपत्राचा क्रमांक. तो नसेल तर सोशल सिक्युरिटी क्रमांकाचे शेवटचे चार आकडे
• प्रत्यक्ष राहत्या घराचा पत्ता (पोस्ट बॉक्स चालत नाही)
• नागरिकत्वाचं प्रमाणपत्र. बहुतेक ठिकाणी अर्जावर सही करून 'मी नागरिक आहे' अशी शपथ पुरते, पण अ‍ॅरिझोनासारख्या राज्यात पुरावा मागतात
• लायसन्सवर करता तीच सही

मुदत चुकवू नका. न्यू जर्सीत मतदानाच्या २१ दिवस आधी अर्ज करावा लागतो, काही राज्यांत ३० दिवस आधी. मिनेसोटा, विस्कॉन्सिनमध्ये मतदानाच्या दिवशीही नोंदणी होते, आणि नॉर्थ डकोटात तर नोंदणी हा प्रकारच नाही.

आपल्या लोकांची खास अडचण म्हणजे नाव. भारतीय पासपोर्टवर मधलं नाव वडिलांचं किंवा नवऱ्याचं, लायसन्सवर नुसतं आद्याक्षर, नागरिकत्वाच्या प्रमाणपत्रावर तिसरंच काहीतरी. नोंदणी करण्याआधी सोशल सिक्युरिटी आणि लायसन्स, दोन्हीकडे नाव आणि नागरिकत्व अद्ययावत करून घ्या. एक फेरी वाढते, पण नंतरचे चार हेलपाटे वाचतात.

३. पक्षाचा रकाना: माझी चूक

अर्जावर पक्ष विचारतात. मला वाटलं, नोव्हेंबरात ज्याला मत द्यायचं त्याचा पक्ष लिहायचा असेल. एकावर खूण केली आणि विसरलो. जूनमध्ये आमच्या भागात चुरस होती ती दुसऱ्या पक्षात. म्हटलं तिकडे मत देऊ. टेबलावरच्या आजोबांनी वही पाहून सांगितलं, 'तुम्ही त्या पक्षाचे नाही.' न्यू जर्सीत पक्ष बदलायचा तर प्राथमिक निवडणुकीच्या ५५ दिवस आधी कळवावं लागतं. हात हलवत परत आलो.

या रकान्याचा आणि पक्षाच्या सभासदत्वाचा काही संबंध नाही. वर्गणी नाही, बंधन नाही, नोव्हेंबरात कुणालाही मत द्या. त्याचा परिणाम होतो तो प्रायमरीवर, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या प्राथमिक निवडणुकीवर. फ्लोरिडा आणि पेनसिल्व्हेनियात ती 'क्लोज्ड' असते: ज्या पक्षात नोंद, त्याच पक्षात मत, आणि रकाना कोरा ठेवला असेल तर दोन्हीकडे दार बंद. टेक्सास आणि व्हर्जिनियात मतदाराच्या नावापुढे पक्ष नोंदवतच नाहीत, त्या दिवशी जाऊन सांगायचं. न्यू जर्सी मधली. 'अनअ‍ॅफिलिएटेड' राहिलात तर प्रायमरीच्या दिवशी केंद्रावर पक्ष निवडता येतो. हे आधी कळलं असतं तर मी रकाना कोराच ठेवला असता.

कॅलिफोर्नियात राहणाऱ्यांनी आणखी सांभाळा. तिथल्या अर्जावर 'अमेरिकन इंडिपेंडंट पार्टी' असं नाव दिसतं. आपण अपक्ष, म्हणजे इंडिपेंडंट, असं समजून पुष्कळ लोक त्यावर खूण करतात. तो एक वेगळा, उजव्या विचारांचा पक्ष आहे. अपक्ष राहायचं तर 'नो पार्टी प्रेफरन्स'.

पक्ष निवडता त्या राज्यांत तो बहुधा सार्वजनिक नोंदीत जातो. तुम्ही कुणाला मत दिलं ते गुप्त, पण दिलं की नाही हे नोंदवलेलं असतं आणि उमेदवारांच्या हाती लागतं. मग फोन आणि मेसेज सुरू होतात. त्यावर अजून उपाय सापडलेला नाही.

४. ओळखीचे वाटणारे शब्द

तिकीट. आपल्याकडे तिकीट 'मिळतं' किंवा 'कापलं जातं', आणि ते देणारे दिल्लीत किंवा मुंबईत बसलेले असतात. इथे तिकीट म्हणजे राष्ट्राध्यक्ष आणि उपराष्ट्राध्यक्ष पदांच्या उमेदवारांची एकत्र जोडी. उमेदवारी पक्षश्रेष्ठी वाटत नाहीत, ती प्रायमरीत मतदार ठरवतात. अर्थात स्थानिक पुढाऱ्यांचं वजन असतंच. न्यू जर्सीत पक्षाचा आशीर्वाद असलेल्यांची नावं मतपत्रिकेवर एका ओळीत छापायची पद्धत होती, तिला 'काउंटी लाइन' म्हणत. २०२४ मध्ये सिनेटचे उमेदवार अँडी किम कोर्टात गेले आणि डेमोक्रॅटिक प्रायमरीपुरती ती ओळ गेली. कोल्हापूर-सांगलीच्या साखर कारखान्याचं पॅनेल पाहिलेल्याला हे लगेच कळेल.

उभं राहणं. मराठी माणूस निवडणुकीला उभा राहतो, अमेरिकन माणूस धावतो. 'शी इज रनिंग' म्हणजे ती उमेदवार आहे, तिचा जोडीदार 'रनिंग मेट' आणि लढत म्हणजे 'रेस'. माझ्या मावशीला हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, 'म्हणूनच थकलेले दिसतात.'

मिडटर्म. याचा अर्थ मध्यावधी निवडणूक असा लावू नका. आपल्याकडे सरकार पडलं की मध्यावधी लागते. इथे कुणीही पडलेलं नसतं. राष्ट्राध्यक्षाच्या चार वर्षांच्या बरोबर मध्ये, ठरलेल्या तारखेला, प्रतिनिधीगृहाच्या सर्व ४३५ जागा आणि सिनेटच्या सुमारे एक तृतीयांश जागांसाठी मतदान होतं. पुढची ३ नोव्हेंबर २०२६ला. मुदतीआधी रिकामी झालेली जागा भरायला होते ती 'स्पेशल इलेक्शन', आपली पोटनिवडणूक.

सिनेटर. हे दोन जातींचे असतात. वॉशिंग्टनमधले १००, प्रत्येक राज्यातून दोन, सहा वर्षांसाठी. शिवाय राज्याच्या विधिमंडळातले वेगळे. न्यू जर्सीत असे ४० आहेत. 'मी सिनेटरला भेटलो' असं कुणी सांगितलं तर कुठला ते विचारा. 'सेक्रेटरी ऑफ स्टेट'चंही तसंच. केंद्रात तो परराष्ट्रमंत्री असतो, आणि राज्यात बहुधा निवडणुकांचा कारभार पाहणारा अधिकारी.

लाल. ज्याच्या डोक्यात लाल बावटा बसलेला आहे त्याला 'रेड स्टेट' ऐकून कामगारांचं राज्य वाटेल. इथे लाल म्हणजे रिपब्लिकन, उजवे, निळे डेमोक्रॅट. हे रंग पक्के झाले ते २०००च्या निवडणुकीच्या टीव्हीवरच्या नकाशांनंतर. दोन्हींच्या मधली ती 'पर्पल' किंवा 'स्विंग' राज्यं. २०२४ मध्ये पेनसिल्व्हेनिया, मिशिगन, विस्कॉन्सिन, जॉर्जिया, नॉर्थ कॅरोलिना, अ‍ॅरिझोना आणि नेवाडा अशी सात होती. हत्ती इथे रिपब्लिकनांचा आणि गाढव डेमोक्रॅटांचं, पण मतपत्रिकेवर चिन्ह शोधू नका. बहुतेक ठिकाणी नुसती नावं असतात.

पोल. एकवचनी 'पोल' बहुतेक वेळा जनमत चाचणी, 'द पोल्स' कधी चाचण्या तर कधी मतदान केंद्रं. 'गो टू द पोल्स' म्हणजे मत द्यायला जाणं. या चाचण्यांवर टीव्हीवर तासन्‌तास बोलणारे ते 'पंडिट'. हो, आपल्याच पंडितांवरून.

सरोगेट. ऐकल्यावर आपल्याला सरोगसी आठवते. प्रचारात सरोगेट म्हणजे उमेदवाराच्या वतीने बोलत फिरणारा. आणि न्यू जर्सीच्या मतपत्रिकेवर 'काउंटी सरोगेट' असं चक्क पदच असतं: मृत्युपत्रं आणि वारसांची कामं पाहणारा निवडून दिलेला अधिकारी. मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा छपाईची चूक वाटली होती.

जेरीमँडरिंग. हा शब्द अनोळखी, पण गोष्ट घरचीच. महापालिका निवडणुकीआधी प्रभागरचनेवरून होणारी भांडणं आठवा. १८१२ मध्ये मॅसॅच्युसेट्सचे गव्हर्नर एल्ब्रिज जेरी यांच्या काळात पक्षाच्या सोयीने आखलेला एक मतदारसंघ नकाशावर सॅलमँडरसारखा दिसत होता. दोन्ही मिळून शब्द झाला.

सुपर पॅक. उमेदवाराच्या प्रचारयंत्रणेबाहेर राहून अमर्याद पैसा खर्च करणारा गट. उमेदवाराशी संगनमत करायचं नाही, ही कायद्याची मुख्य अट. २०१०च्या न्यायालयीन निकालांनंतर हे गट फोफावले. टपालात येणाऱ्या रंगीत पत्रकाच्या तळाशी बारीक अक्षरात 'पेड फॉर बाय', म्हणजे पैसे कुणी दिले ते, लिहिलेलं असतं. वाचायला तेवढंच पुरे.

५. मतपत्रिका आधीच वाचा

भारतात एक बटण दाबलं की काम झालं. इथली मतपत्रिका लांबलचक असते: गव्हर्नर, दोन्ही सभागृहं, काउंटी कमिशनर, शेरीफ, शाळा मंडळ, काही राज्यांत न्यायाधीशसुद्धा. न्यू जर्सीत नमुना मतपत्रिका टपालाने घरी येते. जाहिरात समजून फेकू नका. चहा घेऊन बसा आणि एकेक नाव शोधा. शाळा मंडळाच्या उमेदवारापुढे पक्ष लिहिलेला नसतो, आणि आपल्या भरमसाट मालमत्ता कराचा मोठा वाटा तेच खर्च करतात. माझ्या मते राष्ट्राध्यक्षापेक्षा या रकान्यावर जास्त वेळ घालवावा.

'व्होट फॉर थ्री' म्हणजे जास्तीत जास्त तीन. एकालाच दिलं तरी चालतं. चार खुणा केल्या तर त्या पदापुरतं मत बाद. नोटा नाही, फक्त नेवाडात १९७०च्या दशकापासून 'यांपैकी कुणीही नाही' असा पर्याय आहे. नको तो रकाना कोरा सोडा, बाकीची मतं मोजली जातात. 'राइट-इन' म्हणजे छापील नावाबाहेरचं नाव स्वतः लिहिणं.

शेवटी येतात ते प्रश्न: 'बॅलट क्वेश्चन', 'प्रपोझिशन', 'बाँड' (सरकारी कर्जाला मंजुरी). थेट जनतेचा कौल. न्यू जर्सीत २०२०ला गांजा कायदेशीर करण्याचा प्रश्न असाच आला आणि मंजूर झाला. भाषा वकिली असते, 'यस' म्हटल्याने नेमकं काय होतं ते सोबतच्या स्पष्टीकरणात वाचा. केंद्रावर उभं राहून ते डोक्यात शिरत नाही.

६. टपाल, अर्ली की त्या दिवशी

मतदान असतं नोव्हेंबरातल्या पहिल्या सोमवारनंतरच्या मंगळवारी. १८४५च्या कायद्याने शेतकऱ्यांच्या सोयीने ठरवलेला हा दिवस: सुगी संपलेली, रविवारी चर्च, सोमवारी घोडागाडीने प्रवास. आता घोडागाडी गेली, मंगळवार राहिला, आणि देशभर सुट्टीही नसते. म्हणून बहुतेक राज्यांत आधी मत द्यायची सोय आहे. अर्ली व्होटिंगला शनिवारी-रविवारी जाऊन या. माझी शिफारस तीच.

टपाली मतात तीन ठिकाणी पाय घसरतो. पहिली सही. लायसन्सच्या खिडकीवर मी त्या गुळगुळीत पाटीवर बोटभर रेघ ओढली होती, आणि पाकिटावर केली बँकेतली लफ्फेदार सही. 'जुळत नाही' असं पत्र आलं. उत्तर पाठवून दुरुस्ती करता येते, तिला 'क्युअर' म्हणतात, पण मुदत थोडी असते. तुम्ही देवनागरीत सही करत असाल तर हरकत नाही, सगळीकडे तीच करा. दुसरं पाकीट. न्यू जर्सीत आतल्या पाकिटाला प्रमाणपत्राची चिठ्ठी जोडलेली असते, ती फाडू नका. तिसरी वेळ. काही राज्यांत पोस्टाचा शिक्का मतदानाच्या दिवसाचा असला तरी चालतो, काहींत पाकीट त्या दिवशी पोचलेलंच लागतं. ही भानगडच नको असेल तर अधिकृत ड्रॉप बॉक्समध्ये टाका आणि ऑनलाइन माग ठेवा.

आणि एकदा टपाली मतपत्रिका मागवली की न्यू जर्सीत केंद्रावरच्या यंत्रावर मत देता येत नाही. गेलात तर 'प्रोव्हिजनल' मतपत्रिका देतात: कागदावरचं मत, तुम्ही आधी मत दिलं नसल्याची खात्री झाल्यावर मोजलं जाणारं.

७. केंद्रावर

न्यू जर्सीत सकाळी ६ ते रात्री ८. बंद व्हायच्या वेळी रांगेत असाल तर हलू नका, तुमचं मत घ्यावंच लागतं. ओळखपत्र काही राज्यांत सक्तीचं, न्यू जर्सीत बहुतेकांना विचारतही नाहीत, सही करून आत जायचं. मी तरी खिशात ठेवतो. उमेदवाराचं नाव असलेली टोपी, टी-शर्ट, बिल्ला घरी ठेवा. आत फोटो काढायचा मोह आवरा, कारण काही राज्यांत तो नियमभंग आहे.

यादीत नाव सापडलं नाही तर वाद न घालता 'प्रोव्हिजनल बॅलट' मागा. २००२च्या फेडरल कायद्याने तो हक्क दिलेला आहे. मिळालेली पावती जपून ठेवा, त्यावरून मत मोजलं की नाही ते नंतर पाहता येतं.

८. निकालाची रात्र

रात्री टीव्हीवर एखादं राज्य 'कॉल' झालं म्हणतात, तेव्हा तो अधिकृत निकाल नसतो. तो असोसिएटेड प्रेस किंवा वाहिन्यांचा मतमोजणीवर बांधलेला अंदाज असतो. काउंट्या मोजत राहतात, अधिकृत शिक्कामोर्तब व्हायला आठवडे जातात. आघाडी बदलली म्हणजे घोटाळा झाला असं नाही. कुठे टपाली मतं आधी मोजतात, कुठे शेवटी.

राष्ट्राध्यक्षाच्या निवडणुकीत 'इलेक्टोरल कॉलेज' येतं. हे कॉलेज नव्हे, निर्वाचक मंडळ. एकूण ५३८ निर्वाचक, जिंकायला २७०. राज्याचे प्रतिनिधीगृहातले सदस्य अधिक दोन सिनेटर, एवढे त्याचे निर्वाचक: कॅलिफोर्निया ५४, न्यू जर्सी १४, वायोमिंग ३. मेन आणि नेब्रास्का सोडून सगळीकडे जो राज्यात पुढे त्याला सगळे. म्हणून २०१६ मध्ये हिलरी क्लिंटन यांना देशभर २८ लाखांहून जास्त मतं अधिक पडूनही त्या हरल्या, आणि २००० मध्ये फ्लोरिडातल्या ५३७ मतांवर बुश राष्ट्राध्यक्ष झाले. निर्वाचक डिसेंबरात मत देतात, ६ जानेवारीला काँग्रेस, म्हणजे अमेरिकेची संसद, ती मोजते, २० जानेवारीला शपथ.

९. आई-बाबांना नेताना

वय आणि ग्रीन कार्डची वर्षं पुरेशी असतील तर ज्येष्ठांना नागरिकत्वाची परीक्षा आपल्या भाषेत देता येते. म्हणजे इंग्रजी न येणारी आईसुद्धा मतदार असते. न्यूयॉर्कच्या क्वीन्समध्ये मतपत्रिका बंगालीतही मिळते, पण आमच्याकडे ती मराठीत येत नाही. मतदान हक्क कायद्याच्या कलम २०८ नुसार, वाचता येत नसलेल्या मतदाराला आपल्या पसंतीचा मदतनीस आत नेता येतो. तो त्याचा मालक, मालकाचा माणूस किंवा कामगार संघटनेचा प्रतिनिधी नसावा, एवढीच अट. मुलगा, सून, शेजारीण, कुणीही चालतं. टेबलावर आधी सांगा, तुमचं नाव लिहून घेतील.

घरीच नमुना मतपत्रिकेवर तिला खुणा करायला लावा आणि तो कागद बरोबर न्या. आत गेल्यावर फक्त वाचून दाखवायचं आणि ती सांगेल ते दाबायचं. आमच्या आईने शाळा मंडळासाठी माझ्या उमेदवाराला सोडून दुसरीलाच मत दिलं. ती बाई प्रचाराला आमच्या दारात आली होती आणि चपला बाहेर काढून मग आत आली होती.